या आठवड्याचा विषय : पिवळा

आमच्या ग्रुपवर दर सोमवारी एक विषय येतो आणि रविवारपर्यंत रोजच्या जगण्यातला एकच फोटो टाकायचा असतो. यावेळी ‘पिवळा’. सांगलीकराला लांब जायची गरजच नाही! सकाळीच मार्केट यार्ड गाठलं. हळदीचे ढीग, पोती, हळकुंडं, सगळं टिपलं. पण फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगनं, रंग पार फिका केला. सेटिंग ‘डेलाइट’वर नेलं, उजेड जरा उतरवला, तेव्हा कुठं आपली राजापुरी हळद फोटोत आली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही!

एक हमालमामा पोतं उतरवून टेकले होते.
“मामा, हातांचा फोटो काढू का?”
“काढ की पोरी. धुतलं तरी असंच दिसत्यात बघ.”

तळव्याच्या रेघारेघांत हळद, नखांच्या कडा केशरी. तोच फोटो टाकला. बाबा बराच वेळ तो बघत बसले, मग सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे साठवणीच्या खोल खड्ड्यांबद्दल, बोलू लागले. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. ऐकताना मी फार हळहळले.

पुढचा विषय ‘दार’. कुणाच्या वाड्याचं जुनं दार शाबूत असेल तर कळवा, मी येते.