दहाचा पुडा

रविवार, रात्र

दुकानात गिऱ्हाईक "दहाचा पुडा द्या" म्हणतं, "चौसष्ट ग्रॅमचा द्या" असं कुणी म्हणत नाही. ध्यानात किंमत राहते, वजन राहत नाही. कंपन्यांचा सगळा हिशोब या सवयीवर बेतलेला असतो. दहाचे बारा झाले की गिऱ्हाइकाचा हात आखडतो, म्हणून कच्चा माल महागला की किंमत तीच ठेवायची आणि माल कमी करायचा.

आज आकडे मांडून पाहिले. दहा रुपयांचा पुडा ८० ग्रॅमवरून ६४ वर आला तर वजन २० टक्के घटतं, पण ग्रॅमचा दर साडेबारा पैशांवरून १५.६ पैशांवर जातो. म्हणजे भाववाढ २५ टक्के! आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी फक्त ७ टक्के कमी केली तरी आतली जागा जवळपास २० टक्के घटते. एवढासा फरक जुनं खोकं शेजारी ठेवलं तरच दिसेल, आणि ते तर केव्हाच रद्दीत गेलेलं असतं. वेफर्सच्या पुड्यात तेवढंही करावं लागत नाही, नायट्रोजन भरून पुडा पहिल्याइतकाच फुगवता येतो. (नायट्रोजन लागतोच, नाहीतर तेल खवट होतं. पण फुगलेल्या पुड्यावरून माल जोखू नये.)

"२० टक्के जादा" या पट्टीचंही तसंच. त्याच किमतीत १०० ऐवजी १२० ग्रॅम मिळाले तर ग्रॅममागे बचत १६.७ टक्के होते, २० नव्हे.

पुड्यावर एमआरपीबरोबर एककाचा दर छापण्याचा नियम आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. वजन किलोच्या आत असेल तर दर ग्रॅमचा, किलोच्या वर असेल तर किलोचा. फसगत इथेच होते. ९०० ग्रॅमची पिशवी आणि २ किलोची पिशवी ताडून पाहायची तर पहिलीचा दर हजाराने गुणावा लागतो. शिवाय दर दोन दशांशांपर्यंतच छापतात, त्यामुळे दहा रुपयांच्या ६४ ग्रॅमच्या आणि ६१ ग्रॅमच्या पुड्यावर ०.१६ हाच आकडा येतो. तिथे निव्वळ वजन वाचून भागाकार आपणच करायचा. दर शंभर ग्रॅममागे छापायला लावला असता, तर १५.६३ आणि १६.३९ हा फरक पोरासोरांनाही दिसला असता.