दात बघितलं का?

आमच्या आबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. चेंडूला हात लावायचा नसतो एवढं त्यांना माहीत आहे, आणि मग गोलकीपर कशाला ठेवतात, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही. तरीही इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडच्या, म्हणजे माझ्या क्लबाच्या, घसरणीवर आजवर जे काही ऐकलं-वाचलं, त्यात सगळ्यात नेमकं कोण बोललं असं कुणी विचारलं, तर मी आबांचंच नाव घेईन.

याची सुरुवात झाली २०२२ च्या श्रावणात. शनिवारी रात्री युनायटेड ब्रेंटफर्डकडून चार-शून्यनं हरलं. चारही गोल पहिल्या पस्तीस मिनिटांत. रविवारी दाजी बहिणीला न्यायला आले. ती राखीला आली होती. आमचे दाजी लिव्हरपूलवाले, म्हणजे शत्रुपक्षातले. मुलगी देताना ही गोष्ट कुणी विचारली नव्हती. जावई असल्यामुळे त्यांना उलटून बोलता येत नाही आणि ते याचा पुरेपूर फायदा घेतात. पुढच्या मार्चमध्ये लिव्हरपूलनं आम्हाला सात-शून्यनं धुतलं, तेव्हा त्यांचा फोनसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीकडून एक डबा आला. उघडला तर आत मोजून सात लाडू.

तर त्या रविवारी सोप्यात मी, दाजी आणि माझा भाचा बसलो होतो. भाचा माझ्या पक्षातला, त्यामुळे त्याच्या घरात कायम यादवी. विषय अर्थातच, आता कुणाला घ्यायचं. फ्रेंकी डी याँगच्या मागे युनायटेड अख्खा उन्हाळा हिंडत होतं. बार्सिलोना विकायला तयार होतं, पण डी याँगच जायला तयार नव्हता, आणि वर बार्सिलोनाकडे त्याचा कोट्यवधींचा पगार थकलेला. आबा खांबाला टेकून सुपारी कातरत होते. जरा वेळानं म्हणाले, "वैरण थकवली तरी दावण सोडंना? मग त्येचा नाद सोडा. असला बैल ओढून आणला तरी औताला चालत न्हाई."

दाजी हसले. मी हसलो नाही. कारण डी याँगबद्दल जे म्हणायला जाणकारांना हजार-हजार शब्दांचे लेख लागत होते, ते आबांनी सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं होतं.

पुढच्याच आठवड्यात युनायटेडनं रेआल माद्रिदकडून कासेमिरो घेतला. सहा कोटी पौंड, वर काही अटींवरचे पैसे, चार वर्षांचा करार. मी आनंदानं सांगायला गेलो. आबांनी एकच विचारलं, "वय?"

"तीस."

"म्हंजे जुळलेला. दात बघितलं का न्हाई कुणी?"

ज्यांच्या घरात बैल नव्हते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बैलाचं वय दातावर ठरतं. दुधाचे दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. आदत खोंड घेतला तर शिकवावं लागतं, पण पुढची दहा वर्षं तुमची. जुळलेला घेतला तर तो पहिल्या दिवसापासून औताला चालतो, मात्र किती दिवस चालेल हे त्याचं त्यालाच ठाऊक. लहानपणी मी आबांबरोबर वडगावच्या जनावरांच्या बाजारात जायचो. दात बघायचे, चालवून बघायचं, शेपटी ओढून बघायची, शिंगांचा रंग खरवडून बघायचा. आणि शेवटी सौदा. तो तोंडानं व्हायचा नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच. चेहरे मात्र असे, की जणू कुणाच्या दहाव्याला आलेत.

युनायटेडनं जुळलेले बैल बरेच घेतले. ॲलेक्सिस सांचेझ २०१८ च्या जानेवारीत आला, वय एकोणतीस, पगार डोळे फिरवणारा. स्वागताच्या व्हिडिओत तो पियानो वाजवताना दाखवला होता. पुढे मैदानावर जे झालं ते बघून पियानोवाल्यानं पियानोच वाजवायला हवा होता असं वाटत राहिलं. रोनाल्डो परत आला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. आता रोनाल्डोबद्दल मी वाईट बोलणार नाही, घरात अजून त्याचं पोस्टर आहे.

आबांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट पोग्बाची. २०१२ मध्ये तो युनायटेड सोडून जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्यालाच ८ कोटी ९३ लाख पौंड मोजून परत आणला, तेव्हाचा जगातला विक्रम. आणि २०२२ मध्ये करार संपल्यावर तो पुन्हा फुकटात गेला, त्याच युव्हेंटसकडे. आबांनी ही गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली. मग म्हणाले, "त्यो हेडी कोण हाय? आपली म्हस विकायची हाय."

एका बाबतीत मात्र आबांचा बाजार आणि इंग्लंडचा बाजार उलटे चालतात. वडगावात बाजार उठायला आला की भाव पडतो. विकणाऱ्याला जनावर परत घरी चालवत न्यायचं जिवावर येतं. फुटबॉलमध्ये बाजार, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, उठताना भाव चढतो, कारण तिथं घायकुतीला येतो तो घेणारा, आणि विकणाऱ्याला ते दिसत असतं. आमचे प्रशिक्षक फर्ग्युसन गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, २०१३ मध्ये, फेलायनीच्या करारात २ कोटी ३५ लाख पौंडांची सोडवणूक होती, म्हणजे तेवढे मोजले की त्याच्या क्लबाला त्याला सोडावंच लागणार. तिची मुदत जुलैअखेर संपली. युनायटेडनं त्याला घेतला बाजाराच्या शेवटच्या दिवशी, २ कोटी ७५ लाखांना. महिनाभर थांबण्याची किंमत ४० लाख पौंड. एवढ्या पैशात आमच्या आख्ख्या गावच्या दावणी भरल्या असत्या. मला विचाराल तर घसरण त्याच दिवशी दिसली होती, फक्त आम्ही तिला 'संक्रमणाचा काळ' म्हणत होतो.

त्या शेवटच्या दिवसाचं आम्हाला व्यसन लागलेलं आहे, हेही कबूल करतो. इंग्लंडात रात्री अकराला बाजार बंद व्हायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. पांघरुणात मोबाईल, उजेड बायकोच्या डोळ्यावर जाऊ नये म्हणून उशीची आडोशी भिंत, आणि तो इटलीचा पत्रकार फाब्रिझिओ रोमानो 'हिअर वी गो', म्हणजे सौदा पक्का, असं कधी लिहितो याची वाट. एकदा बायकोनं पांघरुणाच्या आतूनच विचारलं, "आलं का स्थळ?" २०१५ च्या ऑगस्टअखेरीस आमचा गोलकीपर डे हेया माद्रिदला जवळजवळ गेलाच होता. कागद पोचायला काही मिनिटं उशीर झाला आणि सौदा फिसकटला. दोन्ही क्लबांनी एकमेकांवर ढकललं, लोकांनी फॅक्स मशीनच्या नावानं विनोद केले. आबांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. तलाठ्याकडे त्यांचं रोज हेच होतं.

खरं सांगायचं तर मला आताशा खेळायच्या हंगामापेक्षा हा बाजाराचाच हंगाम जास्त आवडतो. जून-जुलैत आम्ही एकही सामना हरत नाही. भाचा वहीवर अकरा नावं लिहितो, बाण काढतो, मी त्यातली दोन खोडतो, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही युरोपचे विजेते असतो. मग सामने सुरू होतात.

मी मुळात या क्लबाच्या नादाला का लागलो, तेही सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं हे तुम्ही ठरवत नाही, ते तुमच्या जन्माबरोबर ठरलेलं असतं. मी बारावीला शहरात आलो तो गावाकडचा, मला पेठच नव्हती. सामना बघायला गेलो की परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं व्हायचं. अशात १९९९ च्या मे महिन्यात एका मित्राच्या घरी केबलवर बार्सिलोना शहरात चाललेला युनायटेडचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बघितला. बायर्न म्युनिक एक-शून्यनं पुढे, नव्वद मिनिटं संपलेली, रात्रीचे दोन वाजायला आलेले. आधी शेरिंगहॅम, मग सोल्सशार. दोन मिनिटांत दोन गोल. मित्राची आई घाबरून उठून आली. तिला वाटलं घरात चोर शिरला. त्या रात्री मला पेठ मिळाली.

तेव्हा कुठं माहीत होतं की हाच सोल्सशार पुढे आमचा प्रशिक्षक होईल आणि आम्ही त्याच्याही नावानं बोटं मोडू. फर्ग्युसन २०१३ मध्ये इंग्लंडच्या लीगचं विसावं विजेतेपद देऊन गेले. त्यानंतर मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्सशार, रांगनिक, टेन हाग, अमोरिम. व्हान खालना तर एफए कप जिंकून दिल्यावर दोन दिवसांत नारळ दिला. २०२४-२५ मध्ये आम्ही पंधरावे आलो. पंधरावे! त्याच हंगामात लिव्हरपूलनं आपलं विसावं विजेतेपद जिंकून आमची बरोबरी केली. या वेळी डब्यात लाडू वीस होते. दाजींचा गूळ-तुपाचा खर्च वाढत चालला आहे.

आणि तरीही दर उन्हाळ्यात चर्चा तीच. स्ट्रायकर कोण, डावा बॅक कोण. मीही त्यातच. अशीच एक संध्याकाळ होती, भाचा चिडून मॅकटॉमिनेचं सांगत होता. लहानपणापासून युनायटेडमध्ये वाढलेला पोरगा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये नापोलीला अडीच कोटी पौंडांच्या आसपास विकला. विकताना आम्ही सुस्कारा टाकला होता. पहिल्याच हंगामात नापोली इटलीचं विजेतं, शेवटच्या सामन्यात याचा हवेत आडवं होऊन मारलेला गोल, आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही हाच. अँटनीचंही तसंच. आमच्याकडे जो गोल गोल गिरक्या घेत होता, तो स्पेनच्या बेटिसला उसना दिला आणि तिथं सरळ पळायला लागला.

आबा म्हणाले, "हितं बसणारा तिथं चालतोय म्हंजे बैलात खोट न्हाई. गोठा बघा."

मग त्यांना गोठा समजावून सांगावा लागला. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, जवळपास ७९ कोटी पौंडांना. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज त्यांनी क्लबावरच चढवलं. त्याआधी क्लबावर कर्ज नव्हतं. हे आबांना कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, पण त्यांना काही जड गेलं नाही. "म्हंजे माझं रान घ्यायला बँकेचं कर्ज काढलं, आणि बोजा माझ्याच सातबाऱ्यावर?"

"बरोबर."

"आणि हप्ता माझ्याच उसाच्या बिलातनं?"

"बरोबर."

"आणि ह्ये कायद्यानं चालतंय?"

चालतं. वीस वर्षं झाली, बोजा उतरलेला नाही. मधल्या काळात गोठ्याचं छप्परही गळायला लागलं, आणि हे मी अलंकारानं म्हणत नाही. २०२४ च्या मेमध्ये आर्सेनलचा सामना संपल्यावर आमच्या मैदानाच्या, ओल्ड ट्रॅफर्डच्या, एका कोपऱ्यातून असं पाणी कोसळलं की राधानगरीचे दरवाजे उघडल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेऊन कारभार हातात घेतला, शेकडो लोकांना कामावरून कमी केलं, आणि पुढच्या वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवणही बंद केलं. हे ऐकून आबा पहिल्यांदा खरोखर रागावले. "गड्याची भाकरी तोडून बैल घ्याचं? कसलं शेतकरी हे?"

२०२५ च्या उन्हाळ्यात कुन्या, एम्ब्युमो, शेश्को असे तिघं घेतले. तिघांचे मिळून वीस कोटी पौंडांच्या घरात. भाच्यानं वही काढली. ऑगस्ट संपायच्या आत चौथ्या पायरीवरच्या ग्रिम्सबीनं आम्हाला पेनल्टींवर १२-११ नं घरी पाठवलं. एका इंग्रज चाहत्यानं २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं होतं, की युनायटेड लागोपाठ पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. वर्ष उलटलं, डोक्यावर टोपलं झालं. आमच्याकडे असे नवस लोक जोतिबाला बोलतात, पण तिथं निदान देव तरी भरवशाचा आहे.

त्या वर्षी बाजार लवकर उठला. इंग्लंडात संध्याकाळी सात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे आबाही जागेच होते. बॅटरी शोधत सोप्यात आले.

"घेतला का?"

"घेतला. गोलकीपर. बेल्जियमचा, तेवीस वर्षांचा."

"बरं झालं. आणि विकला कुणाला?"

"अँटनीला. त्या बेटिसवाल्यांनाच."

"कितीला घेतलेला?"

आई आत झोपली होती, पण तिचा कान सोप्यातच असतो. मी आतल्या दाराकडे बघितलं. आबांना समजलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे धरला, आणि मी तीस वर्षांनी पहिल्यांदा त्याखाली हात घातला. आधी पाच बोटं दाबली, मग चार, मग करंगळीचं अर्धं पेर. साडेनऊ. कोटी युरो, हे मी पुटपुटलो.

आबांनी भुवया उंचावल्या आणि हनुवटीनंच पुढचं विचारलं.

मी दोन बोटं दाबली. वर अजून थोडं.

बाहेर मोटर सुरू करायची वेळ झाली होती. आबांनी हात मात्र लगेच सोडला नाही.