आमची वाटचाल: डेंटिंगच्या गॅरेजपासून झरोक्यांच्या बॉनेटपर्यंत

सातारा औद्योगिक वसाहतीतील आमचे वर्कशॉप हे मूळचे वडिलांचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. अपघातात चेपलेली बॉनेटे ठोकून सरळ करणे हा तेव्हाचा मुख्य धंदा होता. बॉनेट बनवण्याकडे आम्हाला वळवले ते पिकअपवाल्यांनी. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकीत किंवा वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात गाडी तापते, तेव्हा बॉनेटला भोके पाडून द्या, अशी मागणी दर उन्हाळ्यात होऊ लागली.

भोके पाडणे सोपे असते. ती कोठे पाडायची, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून जाताना तापते आणि नंतर तिला बाहेर पडण्यास इंजिनाखालची अरुंद वाटच उरते. ती तेथे कोंडली, तर पंखा कितीही जोराने फिरला तरी रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढली जात नाही. धावत्या गाडीच्या बॉनेटवर पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे, हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथील झरोक्यांतून गरम हवा आपोआप वर खेचली जाते. याउलट समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाब वाढलेला असतो. वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याची जी युक्ती आपल्याकडे सर्रास केली जाते, तिने मुंगीच्या पावलाने चढणाऱ्या गाडीतील थोडी वाफ निघत असेलही, पण हमरस्त्यावर त्याच फटीतून हवा उलट आत शिरते. बॉनेटवर लोकरीचे दोरे चिकटवून गाडी चालवली की हवेची दिशा डोळ्यांना दिसते. नवीन मॉडेलसाठी आमचा नमुना आजही याच पद्धतीने ठरतो.

गाडी आली की आम्ही आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा क्लच आणि कूलंटचे झाकण तपासतो. रेडिएटर मातीने बुजलेला असेल, तर बॉनेट विकण्याऐवजी तो साफ करून गाडी परत पाठवतो. गिऱ्हाईक थोडे नाराज होते, पण धंदा वाढला तो याच सवयीने, असे माझे मत आहे. झरोक्यांनी इंजिनाभोवतीची हवा थंड राहते, त्यामुळे होजपाइप, वायरिंग आणि बॅटरी यांचे आयुष्य वाढते; कूलंटच्या तापमानाचा काटा मात्र दर वेळी खाली येईलच, असे आश्वासन आम्ही देत नाही. काही डिझेल गाड्यांत इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि बॉनेटवरील तोंड त्यालाच हवा पुरवते. अशा बॉनेटला आम्ही सहसा हात लावत नाही.

फायबरचे बॉनेट हलके आणि दिसायला देखणे असते, परंतु साध्या पॉलिएस्टर रेझिनचे असेल तर उष्णतेने मऊ पडून मधोमध झोल धरते आणि वेगात फडफडते. अ‍ॅल्युमिनियमचे वजन त्याच जाडीच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरते, पण त्यावर पोचा लवकर पडतो आणि त्याचे वेल्डिंग प्रत्येकाला जमत नाही. रोज माल वाहणाऱ्या गाडीला आम्ही पोलादी पत्राच सुचवतो. आतील मजबुतीच्या पट्ट्या न कापता त्यांच्यामधल्या जागेतच झरोके बसवावे लागतात, कारण समोरून धडक बसल्यावर बॉनेटने कसे दुमडावे हे त्या पट्ट्यांवर ठरते.

महाबळेश्वरचा पाऊस हे आमच्याकडचे वेगळेच प्रकरण आहे. उघड्या झरोक्यांतून पाणी थेट अल्टरनेटरवर पडू नये म्हणून प्रत्येक झरोक्याखाली आम्ही पत्र्याची पन्हळ देतो आणि तिचा उतार बाजूच्या मडगार्डकडे काढतो. बाहेरून मागवलेल्या तयार बॉनेटांत ही सोय क्वचितच दिसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्हीकडे विचारून येण्यास आम्ही सांगतो, आणि उतरवलेले मूळ बॉनेट कापडात गुंडाळून मालकाच्या स्वाधीन करतो.