पाण्यात उतरल्यावर बघू

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. कौलारू वर्ग, घंटा, वडाचा पार यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे जर्मन सेनापतींवर. १९७८ साली नववी 'ब'मध्ये माझ्या बाकावर बसणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

इतिहासाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापती रोमेलचा फोटो खळीने चिकटवला होता. टोपीवर गॉगल चढवलेला, वाळवंटातला, मासिकातून कापलेला. वह्या तपासताना तो सरांच्या हाती लागला. छडी मिळणार म्हणून मी हात पुढे केला, तर सर म्हणाले, "ठेव तो फोटो. पण यानं तोब्रुक घेतलं ते कुणाची फळी फोडून, ठाऊक आहे का?" मला कुठलं ठाऊक! तोब्रुक म्हणजे लिबियातलं बंदर, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातलं. २० जून १९४२ रोजी रोमेलने त्यावर आग्नेयेकडून घाव घातला आणि तिथे इंग्रजांच्या बाजूने उभी होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैदी झाले. आपल्या जिल्ह्यातली माणसं होती त्यात. फोटो मी काढला नाही, पण नंतर कुणाला मिरवून दाखवलाही नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी कबड्डीच्या मैदानावर फक्कीने म्यूझ नदी काढली. सेदां या फ्रेंच गावापाशी एक वळण, पलीकडे फ्रान्सचा आतला मुलूख. आमच्यातल्या सगळ्यात दांडगट पोराला जर्मन रणगाड्यांचा सेनापती गुडेरियान केलं आणि मला त्याचा वरिष्ठ, क्लाइस्ट. १३ मे १९४० रोजी गुडेरियानचं सैन्य नदीपार झालं आणि रणगाडे थेट पश्चिमेला सुटले. १७ तारखेला क्लाइस्टने 'थांब' म्हणून बजावलं. गुडेरियानने सरळ राजीनामा पुढे केला. शेवटी 'जोरदार टेहळणी' करण्यापुरती परवानगी मिळाली आणि त्या टेहळणीच्या नावाखाली गडी पुन्हा पुढे निघाला. मी घसा फोडून 'थांब' ओरडत होतो आणि आमचा गुडेरियान केव्हाच मैदानाबाहेर चिंचेखाली जाऊन उभा होता.

हे बंड नव्हे, असं सर म्हणाले. ही त्यांची जुनी शिकवण. प्रशिया म्हणजे जुनं जर्मन राज्य, त्याच्या सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख थोरला मोल्टके. १८६६ साली ऑस्ट्रियाला आणि १८७० साली याच सेदांला फ्रेंचांना त्याने लोळवलं. त्याचं म्हणणं असं, की शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडेपर्यंतच कुठल्याही योजनेची खात्री द्यावी. म्हणून वरच्याने काय साधायचं तेवढं सांगावं, कसं साधायचं ते जागेवरच्या माणसावर सोपवावं. सरांनी मोल्टकेचं वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि 'पुसू नये' म्हणून भोवती चौकट काढली.

१९४० ची हीच जर्मन फौज तीन वर्षांत बर्लिनच्या तारेची वाट बघत बसायला लागली. रशियात स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेला सेनापती पाउलुस बाहेर पडायची परवानगी मागत राहिला. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं आणि ३१ तारखेला तो शरण गेला. मी लगेच म्हणालो, म्हणजे चूक एकट्या हिटलरची. सर इतके चिडलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. "हे कुणी सांगितलं तुला? त्याच सेनापतींनी, लढाई हरल्यावर. अरे, ती कैफियत आहे. बखर वाचताना जो चष्मा लावतोस तोच इथे लाव."

तो चष्मा मी पुढे बरीच वर्षं लावला आणि सेनापती मान्श्टाइन माझ्या मनातून साफ उतरला. १९४० च्या फ्रान्सवरच्या त्या मोहिमेची कल्पना त्याची, डोकं अफाट. पण २० नोव्हेंबर १९४१ रोजी ज्यूंवरच्या कठोर कारवाईचं समर्थन करणारा हुकूम त्याच्याच सहीने निघाला होता. १९४९ साली हाम्बुर्कच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला अठरा वर्षांची शिक्षा दिली, १९५३ साली तो सुटलासुद्धा. 'कसं' ठरवायची मोकळीक यांना पुरेपूर होती. 'का' हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. जनरल लुडविग बेकने विचारला, १९३८ साली जनरल स्टाफचं प्रमुखपद सोडलं आणि २० जुलै १९४४ च्या हिटलरला मारण्याच्या कटात जीव गमावला.

मी फौजेत गेलो नाही, डोळ्याला नंबर लागला. पाटबंधाऱ्यात नोकरी केली. एका पावसाळ्यात एका धरणावर रात्री फोन बंद पडला असताना दरवाजे उचलायला मी तासभर लेखी हुकमाची वाट पाहिली. खालच्या वाडीतली चार घरं भिजली, माणसं वाचली. चौकशीत मी निर्दोष ठरलो. त्या रात्री फळ्यावरची चौकट आठवली होती, हे मात्र मी त्या चौकशीत सांगितलं नाही.

आता आबांचं सांगतो आणि थांबतो. माझे आजोबा पहिल्या मराठ्यात, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, इटलीत. सरांनी त्यांना वर्गावर बोलावलं. धोतर, कोट, कोटाला पदकं. सरांनी फळ्यावर सेनिओ नदी काढली आणि सांगू लागले. ९ एप्रिल १९४५. याच नदीवर त्याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी जखमींना पाठीवर घेऊन पाण्यातून, सुरुंगांतून बाहेर काढलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. समोरचा जर्मन सेनापती फीटिंगहॉफ मागे सरायची परवानगी मागत होता, हिटलर देत नव्हता. आबा मध्येच उठले, सरांच्या हातून खडू घेतला आणि नदीच्या दोन्ही अंगांना जाड रेघा ओढल्या.

"गुरुजी, ह्ये बांध ऱ्हायलं. चार-पाच पुरुस उंच. त्येच्या पोटात बिळं करून बसलेला जर्मन."

सरांनी विचारलं, "दादा, तुम्हाला हुकूम काय होता?"

"हुकूम? नदी वलांडायची. बाकीचं पाण्यात उतरल्याव बघू."

सर क्षणभर फळ्याकडे बघत राहिले. मग चौकटीची खालची रेघ बोटाने पुसून त्यांनी ती मोठी केली आणि मोल्टकेच्या खाली आबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, 'वलांडायची'सकट. पुढचा तास गणिताचा होता. गणिताच्या सरांनी वर्गात पाऊल टाकताच विचारलं, हे अशुद्ध कुणी लिहिलं, आणि डस्टर उचललं.