रॉबर्ट स्मॉल्स आणि साउथ कॅरोलायनाच्या दोन राज्यघटना

अमेरिकेच्या इतिहासाला कलाटणी देणारी वर्षे कोणती, या प्रश्नाला १७७६ (स्वातंत्र्य), १८६३ (गुलाममुक्तीची घोषणा), १८६५ (गुलामगिरीचा शेवट) आणि १९६५ (मतदान हक्क कायदा) ही उत्तरे बहुधा ठरलेली असतात. या यादीत १८९५ हे वर्षही असायला हवे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. एकदा मिळालेले हक्क रीतसर परिषद भरवून आणि कायद्याचीच भाषा वापरून काढून घेतले जातात, तेव्हा तीही कलाटणीच असते. या वर्षाकडे माझे लक्ष वळले ते रॉबर्ट स्मॉल्स यांच्यामुळे.

स्मॉल्स यांचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्ट या गावी, मालकाच्या घरामागच्या गुलामांच्या खोपटात झाला. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता, ही गोष्ट पुढच्या साऱ्या हकीकतीसाठी लक्षात ठेवावी लागते. बाराव्या वर्षी त्यांना चार्ल्सटनला मजुरीवर पाठवण्यात आले. बंदरातली पडेल ती कामे करता करता त्यांना तिथल्या पाण्याची, वाळूच्या दांड्यांची आणि खाड्यांची खडान्खडा माहिती झाली. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेच्या सैन्याने ‘प्लँटर’ नावाची आगबोट वाहतुकीसाठी घेतली, तेव्हा तिचे सुकाणू स्मॉल्स यांच्या हाती होते. मात्र ‘पायलट’ हा हुद्दा गोऱ्यांसाठी राखीव असल्याने त्यांना नुसते ‘चाकावरचा माणूस’ म्हणत.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. पहाटेच्या अंधारात स्मॉल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी बोट हलवली, आधी ठरल्याप्रमाणे वाटेत आपल्या बायका-मुलांना चढवून घेतले आणि समुद्राकडे तोंड केले. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली होती आणि त्याच्याच ढबीत ते उभे राहिले होते. एकेका किल्ल्यासमोरून जाताना ते ठरलेल्या खुणेच्या शिट्या वाजवत गेले. फोर्ट सम्टरच्या तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर बोटीवर पांढरी चादर चढवण्यात आली. समोर उभ्या असलेल्या उत्तरेच्या ‘ऑनवर्ड’ या युद्धनौकेने तोफा रोखल्या होत्या, पण ती चादर वेळेवर दिसली. बोटीवर एकूण सोळा माणसे होती आणि स्मॉल्स त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. या पराक्रमाबद्दल काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बक्षीस मंजूर केले, त्यातून स्मॉल्स यांच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांची भेट घेतली आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची मागणी केली. ऑगस्टमध्ये पाच हजार जणांच्या भरतीची परवानगी निघाली.

स्मॉल्स यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या पहाटेपाशीच थांबतात. त्यात साहस आहे, नाट्य आहे, म्हणून ते समजण्यासारखेही आहे. परंतु माझ्या मते या माणसाचे खरे मोठेपण त्यानंतरच्या कामात आहे. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ‘प्लँटर’ची दुरुस्ती चालू असताना त्यांनी लिहिण्या-वाचण्याचे धडे घेतले. पंचविशीत अक्षरांशी झगडलेला हा माणूस चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, राज्याची नवी घटना तयार करणाऱ्या परिषदेत प्रतिनिधी म्हणून बसला. ती परिषद अभूतपूर्व होती, कारण तिच्यातील निम्म्याहून अधिक प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. स्मॉल्स यांनी तिथे आग्रह धरला तो शाळांचा. मोफत आणि सक्तीच्या सार्वजनिक शिक्षणाची मागणी त्यांनी मांडली, आणि सरकारी पैशावर चालणारी प्रत्येक शाळा वर्णाचा विचार न करता सर्व मुलांना खुली राहील, असे त्या घटनेत नमूद झाले. लोकांचे मत घेऊन ती घटना मंजूर करण्यात आली.

पुढे ते राज्याच्या विधिमंडळात आणि १८७५ पासून अनेक वेळा काँग्रेसमध्ये निवडून गेले. त्यांच्यावर लाचखोरीचा खटला झाला, शिक्षा झाली आणि १८७९ मध्ये गव्हर्नरांनी ती माफ केली. तो खटला विरोधकांच्या राजकीय मोहिमेचा भाग होता, असे मी मानतो. १८७६ च्या निवडणुकीत कृष्णवर्णीय मतदारांविरुद्धच्या हिंसाचाराचा कळस झाला आणि १८७७ मध्ये केंद्र सरकारने सैन्याचे पाठबळ काढून घेतले, तेव्हा पुनर्रचनेचा, म्हणजे युद्धानंतर कृष्णवर्णीयांना हक्क देण्याचा, काळ संपला. १८८२ मध्ये राज्याने प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी ठेवण्याचा कायदा केला. चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद होई, म्हणजे ज्याला पेटीवरची अक्षरे वाचता येत नसत त्याचे मत वाया जाई.

तरीही कृष्णवर्णीय मतदार पूर्णपणे संपले नाहीत, म्हणून १८९५ मध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाचे पुरस्कर्ते सिनेटर बेन टिलमन यांच्या पुढाकाराने नवी घटना लिहिण्यासाठी परिषद बोलावण्यात आली. १६० प्रतिनिधींपैकी फक्त सहा कृष्णवर्णीय होते. त्यांत १८६८ च्या परिषदेतही बसलेले दोघे होते, स्मॉल्स आणि विल्यम व्हिपर. नव्या तरतुदीनुसार मतदार व्हायचे तर घटनेतील कोणतेही कलम वाचून आणि लिहून दाखवावे लागणार होते किंवा ३०० डॉलर किमतीच्या मालमत्तेवर कर भरलेला असावा लागणार होता. सुरुवातीच्या काळापुरती आणखी एक वाट ठेवली होती: घटनेतले कलम वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगणाऱ्याचीही नोंद होई. तो अर्थ पटला की नाही, हे ठरवणारा मात्र नोंदणी अधिकारीच असे. ज्या राज्याने एका पिढीला अक्षर शिकू दिले नव्हते, तेच आता अक्षरांची परीक्षा घेणार होते, आणि त्याच घटनेने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाही वेगळ्या केल्या.

स्मॉल्स त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते. पराभव निश्चित असलेल्या त्या सभागृहात ते म्हणाले की, माझ्या वंशाला खास बचावाची गरज नाही. या देशातील त्यांचा आजवरचा इतिहासच ते कुठल्याही लोकांच्या बरोबरीचे असल्याचे सिद्ध करतो, आणि त्यांना हवी आहे ती जीवनाच्या लढाईत समान संधी. हे शब्द मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी मला १८६८ चे ते दुसरे सभागृह आठवते. नव्या घटनेवर सही करण्यास त्यांनी नकार दिला. ही घटना लोकांच्या मताला टाकलीच गेली नाही. परिषदेने स्वतःच ती लागू केली.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्यूफर्टमध्ये स्मॉल्स यांचे निधन झाले, तेही जुन्या मालकाच्या त्याच घरात, जे युद्धकाळात करवसुलीच्या लिलावात त्यांनी विकत घेतले होते. त्यांनी विरोध केलेली साक्षरतेची अट त्यांच्यानंतर पन्नास वर्षे टिकली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ती स्थगित केली, तेव्हा त्या कायद्याला आव्हान देत साउथ कॅरोलायना राज्यच सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९६६ मध्ये मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी कायदा वैध ठरवला. साउथ कॅरोलायनासह दक्षिणेच्या राज्यांनी १८९० पासून आणलेल्या अशा परीक्षा कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्याच्याच हेतूने रचल्या होत्या, हे त्यांनी निकालपत्रात स्पष्ट शब्दांत नोंदवले.