वीस-तीस वर्षं

काल राधा फोनवर अगदी सहज बोलून गेली, "अगं मावशी, अजून वीस-तीस वर्षं तरी लागतील." म्हणजे गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे की नाही, अणूंच्या जगाचे ते विचित्र नियम (एक कण एकाच वेळी दोन जागी, वगैरे) पाळतं की नाही, हे प्रयोगाने ठरायला. फोन ठेवला, भाजी निवडली, टीव्ही लावून बसले पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वीस-तीस वर्षं! तिच्याकडे आहेत ती. अण्णाही शेवटी शेवटी असंच काहीतरी... जाऊ दे.

2017 साली अशा प्रयोगाची कल्पना मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ सौगतो बोस आणि मंडळींचा एक पेपर आणि मार्लेट्टो-वेद्राल या भौतिकशास्त्रज्ञांचा दुसरा, असे दोन्ही एकदमच आले, तेव्हापासून मी याची वाट बघतेय. दोन बारीकसे कण घ्यायचे, प्रत्येकाला एकाच वेळी दोन जागी ठेवायचं, आणि मधे गुरुत्वाकर्षण सोडून दुसरं काहीही पोचू द्यायचं नाही. तरीही ते एन्टँगल झाले, म्हणजे एकमेकांशी क्वांटम नात्याने जोडले गेले, तर गुरुत्वाकर्षण निव्वळ क्लासिकल, म्हणजे जुन्या, बिगर-क्वांटम नियमांचं, असूच शकत नाही. यावर वाद घालणारे आहेत, मला मात्र हा युक्तिवाद पटतो.

अडतंय ते वजनाशी. कण हवा साधारण ग्रॅमच्या दहा हजार कोटीव्या भागाएवढा. व्हिएन्नात 2021 मध्ये 90 मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीची गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजली, ती पण ख्रिसमसच्या दिवसांत रात्री, शहराचे हादरे कमी असताना, आणि तरी ती गोळी हव्या त्या कणापेक्षा 900 कोटी पट जड. त्याच शहरात 2019 मध्ये 25 हजार हायड्रोजन अणूंएवढे जड रेणू दोन वाटांनी एकदम गेलेले दाखवले, ते 20-25 कोटी पट हलके पडतात. बोगदा दोन्हीकडून खणतायत आणि मधला डोंगर तसाच उभा. मग वाटतं की मीच का अशा मधल्या काळात जन्मले, सफरचंदाची गोष्ट चौथीत ऐकली तेव्हापासून मला हेच हवं होतं ना, आणि उत्तर येणार मी गेल्यावर. रात्री खरंच रडू आलं.

सकाळी अठराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिशेल आठवला. पृथ्वीचं वजन काढायचा तराजू त्याने बांधला आणि वापरायच्या आधीच 1793 मध्ये गेला. तोच तराजू पुढे हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाकडे आला, त्याने बराचसा नव्याने बांधून 1797-98 मध्ये मोजमापं केली तेव्हा तो स्वतः पासष्टी ओलांडलेला. मिशेलला आकडा कळला नाही, पण तराजू त्याचाच. हे मला का बरं वाटलं नीट सांगता येत नाही, पण वाटलं, आणि चहा जरा गोड लागला.

शिवाय दुसरी बाजूही आहेच. जोनाथन ओपनहाइम हा भौतिकशास्त्रज्ञ म्हणतो गुरुत्वाकर्षण क्लासिकलच असेल, आणि तसं असेल तर एखादी वस्तू फार बारकाईने तोलली की तिचं वजन आपोआप किंचित हलताना दिसायला हवं. हे तोलणं कदाचित आधी जमेल. मला स्वतःला गुरुत्वाकर्षण क्वांटमच निघावं असं वाटतं, पण हे वजन हललं तर तेही चालेल, फक्त कुणीतरी लवकर तोला.