कुमासीतली माणसं घरी बसली होती तेव्हा

घानात आम्ही तीन वर्षं होतो, तेमाला, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथलं मतदान मी जवळून बघितलं ते 7 डिसेंबर 2020 चं. गल्लीच्या टोकाला शाळेच्या पटांगणात दोन टेबलं, पुठ्ठ्याचा आडोसा आणि दोन पारदर्शक पेट्या, एक अध्यक्षाची, एक खासदाराची. तिकडे बटण नाही की शिक्का नाही, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, उमेदवारासमोरच्या चौकटीत उमटवायचा, कागद घडी करून पेटीत टाकायचा, झालं. खरी गंमत संध्याकाळी पाचनंतर. पेट्या कुठे नेत नाहीत, तिथेच उघडतात, अधिकारी एकेक कागद वर धरून दाखवतो आणि जमलेली माणसं मोठमोठ्याने मोजतात, वन, टू, थ्री... अंधार पडला तसे लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले पण मोजणी थांबली नाही. शेवटी आकडे एका गुलाबी कागदावर, पिंक शीट म्हणतात त्याला, पक्षांचे एजंट सह्या करतात आणि आपापली कॉपी घेऊन जातात. मला खरंच भरून आलं बघून.

आमच्या बिल्डिंगचे वॉचमन अंकल शेजारीच उभे होते, मूळचे कुमासी शहरातले. मोजता मोजता म्हणाले, मॅडम, पहिल्या वेळी, 1992 ला पार्लमेंटसाठी, मी मत दिलंच नव्हतं, आमच्या गल्लीत जवळपास कुणीच दिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते 1992 बसलंय.

थोडक्यात सांगते. जेरी रॉलिंग्ज 31 डिसेंबर 1981 ला लष्करी उठाव करून सत्तेत आले आणि पुढची दहा वर्षं पक्षांवर बंदी. मग एप्रिल 1992 मध्ये नव्या घटनेवर सार्वमत झालं, मे मध्ये बंदी उठली आणि 3 नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक. रॉलिंग्जना 58 टक्के, समोर इतिहासाचे प्राध्यापक अडू बोआहेन, त्यांना 30 टक्के. विरोधक म्हणाले मतांची चोरी झाली, मतदारयादीच फुगवलेली आहे (यादीत 80 लाखांच्या वर नावं, देशाची लोकसंख्या साधारण दीड कोटी आणि त्यात लहान मुलं केवढी!). कॉमनवेल्थच्या निरीक्षकांनी मात्र निवडणूक ठीक झाली असं सांगितलं. मग 29 डिसेंबरच्या पार्लमेंटच्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला. निकाल काय तर 200 पैकी 189 सीट रॉलिंग्ज यांच्या एनडीसी पक्षाला, उरलेल्यांत आठ आणि एक त्यांच्याच मित्रपक्षांच्या आणि दोन अपक्ष. मतदान तीस टक्केसुद्धा नाही.

अंकल सांगत होते त्या दिवशी कुमासीत बाजार चालू, शाळेतल्या बूथवर कर्मचारी रिकाम्या पेट्यांजवळ बसलेले, आणि हे लोक घराच्या ओट्यावर बसून बघत होते कोण जातंय. जाणाऱ्याला कुणी काही बोललं नाही पण नावं लक्षात ठेवली.

त्यांचा राग मला पटतो, पण बहिष्कार चुकलाच असं माझं ठाम मत आहे, कारण चार वर्षं सभागृहात सरकारला अडवणारं कुणीच नव्हतं. मार्च 1995 मध्ये 17.5 टक्के व्हॅट आला, आत विचारणारे नव्हते म्हणून 11 मे ला राजधानी आक्राच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली, मोर्चाचं नावच 'कुमे प्रेको', म्हणजे मारायचंय तर एकदाच मारून टाक. त्या दिवशी माणसं मेली. पुढच्या महिन्यात व्हॅट मागे घेतला. जो वाद सभागृहात व्हायला पाहिजे होता तो रस्त्यावर झाला आणि त्याची किंमत साध्या माणसांनी मोजली, हे मला विसरता येत नाही.

पण बाहेर राहिलेले नुसते बसले नाहीत हेही सांगायला हवं. बोआहेन यांचा एनपीपी पक्ष 1993 मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि मोर्चासाठी पोलिसांची परवानगी लागायची ती अट रद्द करून घेतली. उठावाचा दिवस 31 डिसेंबर, तो सरकारी पैशाने सण म्हणून साजरा करायचे, तेही कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं. आणि 1994 मध्ये निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं, त्या समितीला आयपॅक म्हणतात, आयोगाचे प्रमुख क्वाड्वो अफारी-ज्यान. यादी नव्याने केली, फोटो ओळखपत्रं सुरू झाली आणि पेट्या पारदर्शक झाल्या. म्हणजे त्या पटांगणातली जी पेटी बघून मला भरून आलं ती या भांडणातूनच आलीये! 1996 ला विरोधक उतरले, एनपीपीच्या साठच्या वर सीट आल्या, आणि 2000 च्या निवडणुकीत तर सत्ताच त्यांच्याकडे गेली, जॉन कुफुओर अध्यक्ष झाले, रॉलिंग्ज शांतपणे पायउतार झाले.

2020 ला पार्लमेंटचा निकाल लागला एनपीपी 137, एनडीसी 137 आणि एक अपक्ष. जानेवारीत स्पीकर निवडताना रात्रभर सभागृहात गोंधळ, मतपत्रिकांची पळवापळवी, शेवटी सैनिक आत आले. स्पीकर झाले एनडीसीचे आल्बन बॅगबिन, जे त्या 1992 च्या निवडणुकीतून पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये गेले होते. अंकल एनपीपीचे कट्टर, रात्रभर गेटवरच्या केबिनमध्ये रेडिओ लावून बसलेले, सकाळी मी दूध आणायला खाली गेले तर डोळे लाल, आणि पहिलं वाक्य हेच की आमच्यातल्याच कुणीतरी फितुरी केली मॅडम, आता कोण ते शोधायला पाहिजे.